आदिमानवाच्या मागावर: नागपूर, हथनोरा, भीमबेटका आणि जुनापाणी

बुधवार, नागपूर

नागपूरहून गाडी काढली की पाच-सहा तासांत नर्मदेच्या त्या काठाजवळ पोचता येतं जिथं भारतातली सगळ्यात जुनी मानवी कवटी सापडली. तारीख 5 डिसेंबर 1982, गाव हथनोरा, शोधणारे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया. ताडोबा-पेंचच्या गप्पा आपल्याकडे रोज होतात, कोणाला कोणता वाघ दिसला सगळं पाठ असतं, पण हथनोराचं नाव कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं नीट लिहून राहिलो.

आम्ही चौघं. मी, बायको, अकरावी सायन्सची आमची चिनू आणि आबा. आबा सिंचन खात्यातून रिटायर, आयुष्यभर नद्या आणि खडक पाहिलेला माणूस, त्यामुळे त्यांना घेतल्याशिवाय जायचंच नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी चिनूला घेऊन अजब बंगल्यात गेलो. मध्यवर्ती संग्रहालय असं खरं नाव, पण नागपुरात कोणी तसं म्हणत नाही. 1863 सालचं आहे ते. आणि गंमत बघा, त्याच 1863 च्या मे महिन्यात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला एक घडवलेला दगड मिळाला आणि भारतात अश्मयुग होतं हे पहिल्यांदा पक्कं कळलं. म्हणजे आपल्या अजब बंगल्याचं आणि भारतातल्या आदिमानवाच्या अभ्यासाचं वय एकच.

चिनूच्या डोक्यात ते चित्र पक्कं बसलेलं होतं, तुम्ही पण पाहिलं असेल, डावीकडे वाकलेलं माकड आणि मग एकेक करत उजवीकडे ताठ उभा माणूस. मला ते चित्र अजिबात पटत नाही. त्यात असं वाटते की एक जात संपली की दुसरी सुरू झाली आणि शेवटी आपण आलो, रांग संपली. प्रत्यक्षात साधारण लाखभर वर्षांपूर्वी पृथ्वीवर एकाच वेळी माणसांच्या कितीतरी जाती होत्या. आफ्रिकेत आपण म्हणजे होमो सेपियन्स, युरोप आणि पश्चिम आशियात निएंडरथल, सायबेरियाकडे डेनिसोव्हन, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर साडेतीन फुटांचे होमो फ्लोरेसिएन्सिस, जावावर होमो इरेक्टस या फार जुन्या जातीचे शेवटचे शेवटचे लोक. रांग नाही, झुडूप आहे हे, आणि त्याची एक फांदी उरली आहे. चिनूला म्हटलं, हे डोक्यात ठेवून चल, मग उद्यापासून जे पाहू त्याचा अर्थ लागेल.

गुरुवार, नागपूर ते नर्मदापुरम

पहाटे निघालो, डिसेंबरची थंडी, सावनेरच्या अलीकडे तर्री पोहे खाल्ले. मग पांढुर्णा, मुलताई. मुलताईला तापीचा उगम आहे म्हणून आबांनी गाडी थांबवायला लावली आणि हात जोडून आले. पुढे बैतूल आणि मग सातपुड्याचा घाट.

घाटात चिनूनं विचारलं, बाबा, मग हुशार नेमकं कोण होतं, ज्याचा मेंदू मोठा तो ना? हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, आणि पूर्ण प्रवास मी याच प्रश्नावर बोलून राहिलो होतो त्यामुळे इथं जरा थांबतो.

कवटीत किती जागा आहे ते घन सेंटिमीटरमध्ये मोजतात, सोप्या भाषेत सीसी. चिंपांझीचा मेंदू चारशेच्या आसपास. 1974 मध्ये इथिओपियात सापडलेली ल्यूसी, 32 लाख वर्षांपूर्वीची, दोन पायांवर आपल्यासारखी चालणारी, पण तिचा मेंदू पण चारशेच्या थोडासाच वर. म्हणजे आधी चालणं आलं, मेंदू कितीतरी नंतर. होमो इरेक्टसचा साधारण 600 ते 1200. आपला सरासरी 1350 च्या आसपास. इथपर्यंत ऐकलं की वाटते चला, आकडा वाढत गेला आणि अक्कल वाढत गेली. पण निएंडरथलचा मेंदू आपल्यापेक्षा कमी नव्हता, इस्रायलच्या अमुद गुहेतल्या एकाचा तर 1740 सीसी भरला. आणि उलटीकडे फ्लोरेसचे ते साडेतीन फुटी लोक, मेंदू जेमतेम चारशेच्या घरात, तरी त्यांच्या गुहेत दगडी हत्यारं आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत 2013 मध्ये होमो नालेदीची हाडं मिळाली, मेंदू 465 ते 610 सीसी, आणि काळ फक्त अडीच-सव्वातीन लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे आफ्रिकेत आपल्या पूर्वजांच्या सोबतीनंच ते राहत होते. त्यांनी आपली मेलेली माणसं गुहेत मुद्दाम पुरली असं शोधणाऱ्यांचं म्हणणं आहे, बऱ्याच तज्ज्ञांना ते पुरावे पुरेसे वाटत नाहीत. मला पण अजून पुरेसे वाटत नाहीत. पण आकडा बघून कोणाला मठ्ठ ठरवायची घाई करू नये एवढं नक्की.

मेंदू हा फार खर्चिक अवयव आहे. वजनानं शरीराच्या दोन टक्के आणि बसल्या जागी एनर्जीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तोच खातो. इतकं महागडं यंत्र पोसायचं म्हणजे चांगलं खाणं पाहिजे, मांस, कंद, अस्थिमज्जा, आणि मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिजवलेलं अन्न. दगडी हत्यारं मात्र मोठ्या मेंदूच्या आधी आली. केनियात लोमेक्वी इथं 33 लाख वर्षं जुनी हत्यारं आहेत, तेव्हा मोठ्या मेंदूचं कोणीच नव्हतं.

इटारसीच्या अलीकडे धाब्यावर जेवायला थांबलो. आबांची कवळी घरी राहिली होती, बायकोनं काही न बोलता त्यांच्या ताटातली रोटी वरणात कुस्करून दिली, भाजी चमच्यानं ठेचली, आणि आबा जेवता जेवता चिनूला पेंचच्या धरणाच्या वेळी पाया खणताना कसा खडक लागला होता ते सांगत होते. ते पाहून मला द्मानिसीच्या म्हाताऱ्याची आठवण झाली आणि मी तिथंच सगळ्यांना ती गोष्ट सांगितली.

जॉर्जिया देशात द्मानिसी नावाची जागा आहे. तिथं 17-18 लाख वर्षांपूर्वीच्या कवट्या सापडल्या, आफ्रिकेबाहेर सापडलेल्या सगळ्यात जुन्या माणसांपैकी ते लोक. मेंदू लहान, साधारण साडेपाचशे ते पावणेआठशे सीसी, आपल्या जवळपास निम्माच. त्यातली एक कवटी म्हाताऱ्या माणसाची आहे आणि तिच्यात एक सोडून सगळे दात मरायच्या कितीतरी आधी पडलेले आहेत. दात पडले की जबड्यातली त्या जागेची खाच हळूहळू हाडानं भरून निघते, तशी ती भरलेली आहे, म्हणजे दात नसताना तो माणूस कदाचित काही वर्षं जगला. थंड मुलूख, हिवाळ्यात झाडपाला नाही, तलवारीसारखे लांब सुळे असलेली वाघासारखी जनावरं भोवती. मग त्याला खाऊ कोण घालत होतं? काहीजण म्हणतात की मऊ मज्जा, मगज असं तो स्वतःच दगडानं फोडून खात असेल, आणि ती शक्यता खरीच आहे. तरी मज्जेचं हाड त्याच्यापर्यंत आणायला कोणीतरी लागलंच असणार असं मला वाटतं. इराकमधल्या शानिदार गुहेतला निएंडरथल तर याहून स्पष्ट, एक हात निकामी, एका डोळ्यावर जबर मार, पायानं लंगडा, आणि तरी चाळिशीच्या आसपास जगला.

आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मंग बराबर आहे ना, म्हाताऱ्याले जगवलं तर पाणी कोठी लागते हे पोराइले कोण सांगन? म्हाताराच सांगन."

मला जे म्हणायचं होतं ते आबांनी एका वाक्यात सांगितलं. अक्कल ही एका डोक्यात मावणारी गोष्ट नव्हतीच कधी. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायची, आणि ती जाण्यासाठी म्हातारे जगले पाहिजेत, पोरं बराच काळ पोरंच राहिली पाहिजेत. आपलं बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू मोठ्या चिंपांझीच्या मेंदूएवढा जवळपास असतो, आणि मग पुढची कितीतरी वर्षं वाढत राहतो, शिकत राहतो, दुसऱ्यांच्या जिवावर. इतकं लांब बालपण दुसऱ्या कुठल्या प्राण्याला परवडत नाही.

संध्याकाळी नर्मदापुरम, म्हणजे आपलं जुनं होशंगाबाद. सेठानी घाटावर आरती पाहिली, थंडी वाजली, लवकर झोपलो.

शुक्रवार, हथनोरा

सकाळी पूल ओलांडून नर्मदेच्या उत्तर काठाला, बुधनीला. बुधनीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, रस्त्याच्या कडेला दुकानंच दुकानं, चिनूनं भोवरा घेतला. तिथून नदीच्या काठाकाठानं पूर्वेकडे हथनोरा.

गाव साधं, शेतं, गहू आणि हरभरा. एका शेतात काम करत असलेल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले हो, इथंच ती खोपडी सापडली होती, आणि सोबत नदीपर्यंत यायला तयार झाले. काठ बऱ्यापैकी उंच आहे आणि पाण्यानं कापलेल्या त्या भिंतीत थर दिसतात. खाली गोटे, मोठे-छोटे गोल दगड, वाळू, सगळं चुन्यानं एकमेकांना घट्ट चिकटलेलं, जणू कोणी काँक्रीट ओतलंय. याला भूवैज्ञानिक बोल्डर काँग्लोमरेट म्हणतात. आबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "पुराचं काम आहे हे. एवढाले गोटे लोटाचे म्हणजे नदी केवढी असन तवा."

याच थरात ती कवटी होती. पूर्ण नाही, डोक्याच्या टोपीचा उजवा अर्धा भाग आणि डावीकडचा थोडासा. सोनकियांनी आधी तिला होमो इरेक्टस नर्मदेन्सिस असं नाव दिलं. भुवईचं हाड जाड, कवटीचं हाड पण जाड, दिसायला इरेक्टससारखी. पण मेंदूची जागा मोजली तर अंदाज 1155 ते 1421 सीसी असा आला, म्हणजे इरेक्टससाठी खूपच मोठी, आपल्या हद्दीत येणारी. मग 1991 मध्ये केनेथ केनेडी आणि सोबतच्यांनी (त्यात स्वतः सोनकिया पण होते) सांगितलं की ही इरेक्टस नाही, प्राचीन सेपियन्स म्हणा, म्हणजे आपल्याच जातीचं जुनं रूप. आणखी काहींनी तिला युरोप-आफ्रिकेतल्या होमो हायडेलबर्गेन्सिस या आणखी एका जुन्या जातीच्या जवळ ठेवलं. मला यात सोनकियांचं फार कौतुक वाटतं. आपणच दिलेलं नाव बदलायच्या पेपरवर आपलीच सही करायची, याला मोठं मन लागतं.

वयाचा पण वाद आहे. अडीच लाख वर्षांच्या आसपास असं बरेच जण म्हणतात, काही जण त्याहून अलीकडची म्हणतात, कारण कवटी पुरात वाहून आलेली आहे, ती मूळ कुठल्या थरातली हे ठरवणं अवघड. नंतर भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. आर. सांख्यान यांना याच परिसरात गळपट्टीचं हाड मिळालं, खांद्याजवळचं ते आडवं हाड, आणि ते इतकं छोटं आहे की ती माणसं बुटकी पण अंगानं भक्कम असावीत असं त्यांनी लिहिलं. कवटी एका बाईची असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे.

ती जगत होती तेव्हा इथं काय काय होतं ते ऐकून चिनू चाट पडली. नर्मदेच्या या गाळातून सरळ लांब सुळ्यांचे प्रचंड हत्ती, स्टेगोडॉन नावाचे हत्तीसारखे प्राणी, पाणघोडे, रानटी बैल, घोडे, सगळ्यांची हाडं निघालेली आहेत. नर्मदेत पाणघोडा! आणि त्याच थरात दगडी हातकुऱ्हाडी पण. म्हणजे एकीकडे पाणघोडे आणि दुसरीकडे हातात क्वार्टझाइट या कठीण दगडाची कुऱ्हाड घेतलेली ती बाई, याच काठावर.

हातकुऱ्हाडीबद्दल थोडं. नाव कुऱ्हाड पण दांडा नसतो, हातात धरायची, बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी धार काढलेली. पाहायला सोपी वाटते. डीट्रिख स्टाउट नावाच्या संशोधकानं आजच्या माणसांना ती घडवायला शिकवलं, शंभराहून जास्त तास सराव करावा लागतो तेव्हा कुठे बरी जमते. आणि घडवताना मेंदूचे स्कॅन काढले तर जे भाग जोरात कामाला लागतात त्यातले काही भाषेसाठी वापरले जाणारे आहेत. म्हणजे पुढचा घाव कुठे, त्याच्या आधी कुठली कड तयार करायची, त्याच्याही आधी काय, अशी एकात एक अडकलेली साखळी डोक्यात धरावी लागते, जशी वाक्यात धरावी लागते.

चिनूनं विचारलं, मग ती बोलत असेल का? मी म्हटलं बोलणं हाडात उरत नाही. निएंडरथलच्या गळ्यातलं हायॉइड नावाचं हाड इस्रायलमध्ये सापडलंय आणि ते आपल्यासारखंच आहे, बोलण्याशी संबंध असलेल्या फॉक्सपी-टू जीनमधले आपले दोन खास बदल त्यांच्यात पण सापडले, पण यातून "बोलत होते" असं थेट निघत नाही. पण शंभर तासांची कला नुसतं बघून, काही न सांगता, हजारो पिढ्या चालते हे मला पटत नाही. काहीतरी खूण, हातवारा, आवाज असणारच. इशारा करून, "असं नाही, असं" एवढं तरी.

काकांनी जाता जाता सांगितलं की कधीमधी कोणी येतं, फोटो काढतं, खिशात दगड घालून नेतं. हे मात्र कृपा करून करू नका. थरातून दगड निघाला की त्याची साक्ष संपते. तो कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली होता हीच त्याची माहिती असते, घरी शोकेसमध्ये ठेवलेला दगड मुका असतो. चिनूनं पण जे उचललं होतं ते जागच्या जागी ठेवलं.

शनिवार, भीमबेटका

नर्मदापुरमहून रातापानीच्या जंगलातून तासाभरात भीमबेटका, जुन्या चित्रांचे दगडी आडोसे. हे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, 2003 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे कसं दिसतं ते फार सांगत नाही. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये आगगाडीतून जाताना हे खडक पाहिले आणि शोधायला गेले. उज्जैनचा आपला मराठी माणूस, नंतर पद्मश्री. त्या खडकांसमोर उभं राहिलं की समजतं, गाडीतून लाखो लोकांनी ते पाहिले असतील, उतरून चढून गेले ते वाकणकर.

सगळे लोक चित्रं पाहायला जातात आणि चित्रं सुंदर आहेतच, पण माझा जीव अडकला होता एफ-23 नावाच्या आडोशात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी 1970 च्या दशकात तिथं उत्खनन केलं आणि एकाच जागी थरावर थर, खाली हातकुऱ्हाडवाले, त्यांच्या वर मध्य पुराश्मयुग (जुन्या दगडी युगाचा मधला टप्पा), त्यांच्या वर पुढचे, असं करत वर छोट्या छोट्या पात्यांची हत्यारं वापरणारे. लोक बदलले, बहुतेक माणसाची जात पण बदलली, पण तोच दगडी आडोसा, तोच क्वार्टझाइट, बसायला तीच जागा.

इथं एक गोष्ट मला आधीपासून छळते. तामिळनाडूत अत्तिरमपक्कम इथं शांती पप्पू यांच्या टीमनं हातकुऱ्हाडींचं वय किमान 15 लाख वर्षं काढलं. आणि भारतात काही ठिकाणी तशाच हातकुऱ्हाडी सव्वा-दीड लाख वर्षांपूर्वीपर्यंत वापरात होत्या. म्हणजे तेरा-चौदा लाख वर्षं जवळजवळ एकच हत्यार! आपण मोबाईल किती वेळा बदलतो. मग हे लोक मंद होते का? मला तसं वाटत नाही. टोळ्या लहान, वीस-तीस माणसं, एखादा साथीचा आजार आला की जाणकार माणूसच गेला, त्याच्याबरोबर त्याची युक्ती पण गेली. पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोणाला तरी मधे कधीतरी भारी कल्पना सुचलीच असेल, पण ती पुढच्या टोळीपर्यंत पोचलीच नसेल. टोळ्या मोठ्या झाल्या, एकमेकांत येणंजाणं वाढलं तेव्हाच बदलाचा वेग वाढला असावा, आणि मेंदूचा आकार तर तेव्हा काही वाढला नव्हता. अत्तिरमपक्कममध्येच 3 लाख 85 हजार वर्षांपूर्वी हातकुऱ्हाड मागे पडून आधी दगड तयार करून मग त्यातून हवं तसं पातं काढायची पद्धत दिसते, ते 2018 मध्ये छापून आलं. म्हणजे सगळीकडे बदल एका वेळी झालाच नाही, कुठे लवकर, कुठे लाख-दोन लाख वर्षं उशिरा.

ऑडिटोरियम केव्हमध्ये दगडावर वाटीसारखे खड्डे आहेत, मुद्दाम ठोकून केलेले. यांना कपमार्क म्हणतात. काही अभ्यासक ते हातकुऱ्हाडवाल्यांच्या काळाचे म्हणजे लाखो वर्षं जुने मानतात, सगळे मानत नाहीत. ते खरंच इतके जुने असतील तर कुठलाही उपयोग नसलेली गोष्ट तासन् तास बसून करणारे ते लोक होते. विचार करून अंगावर काटा येतो.

आणि याच गुहेची दुसरी गोष्ट. 2021 मध्ये काही शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की गुहेच्या छताशी डिकिन्सोनिया नावाच्या 55 कोटी वर्षं जुन्या प्राण्याचा जीवाश्म आहे. जगभर बातमी. मग 2023 मध्ये दुसऱ्यांनी येऊन नीट पाहिलं तर ते मधमाश्यांचं जुनं झडलेलं पोळं निघालं, आणि पहिल्या टीमच्या मुख्य शास्त्रज्ञानं ते मान्य पण केलं. वर बघा, आजही पोळी लटकलेली आहेत. चिनूला मी म्हटलं की सोनकियांचं कालचं आणि हे आजचं, दोन्ही एकाच प्रकारचं आहे, चूक कळली की मान्य करायची, आणि या विषयावर माझा विश्वास बसतो तो यामुळेच.

चित्रांत मला झू रॉक आवडतो, एकावर एक जनावरं, आधीच्या चित्रावर नंतरच्यानं काढलेलं, हजारो वर्षांच्या अंतरानं. आबांना बोअर रॉकवरचा मोठा शिंगवाला वराह आवडला. बायको म्हणाली की इतकी माणसं काढली आहेत, नाचताना, शिकार करताना, पण एकटा माणूस शोधावा लागतो. मी परत जाऊन पाहिलं, बऱ्याच अंशी खरं आहे ते.

रविवार, भोपाळ आणि परत

भोपाळला मानव संग्रहालय पाहिलं, श्यामला हिल्सवर, मोठं आहे, अख्खा दिवस पाहिजे, आमच्याकडे अर्धाच होता. उत्क्रांतीच्या दालनात चिनूला मोरोक्कोतल्या जेबेल इरहुदबद्दल सांगितलं, तीन लाख वर्षांपूर्वीची माणसं, चेहरा आपल्यासारखा पण कवटी मागे लांबुळकी. आपल्यासारखा गोल मेंदू फार हळू, साधारण लाख ते पस्तीस हजार वर्षांपूर्वीच्या मधल्या काळात आला. आकारमान आधीच होतं, घडण नंतर बदलली.

परतीच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर बोलणं निएंडरथलवर आलं. 2010 मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या टीमनं निएंडरथलचा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचला आणि कळलं की आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या अंगात त्यांचा एक-दोन टक्के डीएनए आहे, आपल्या पण. त्याच वर्षी सायबेरियातल्या एका बोटाच्या हाडावरून डेनिसोव्हन नावाची नवी जातच सापडली. 2022 चं नोबेल पेबोंना मिळालं ते याचसाठी. 2020 मध्ये त्यांनीच ह्यूगो झेबर्ग यांच्यासोबत दाखवलं की तिसऱ्या क्रोमोसोमवरचा एक तुकडा, जो असला तर कोविड गंभीर व्हायचा धोका वाढतो, तो निएंडरथलकडून आलेला आहे, आणि दक्षिण आशियात जवळजवळ अर्ध्या लोकांकडे त्याची एक तरी प्रत आहे.

2021 च्या एप्रिलमध्ये नागपूरनं काय पाहिलं ते नागपूरकरांना सांगायला नको. आमचे काका, आबांचे लहान भाऊ, त्यातच गेले. कोणाला का झालं हे त्या एका तुकड्यावरून सांगता येत नाही, वय, बाकीचे आजार, ऑक्सिजन, सगळं असतं, हे मी आबांना स्पष्ट सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ते लोकं पुरे गेले नाहीत ना. आपल्याच अंगात हायेत." मी म्हटलं हो आबा, पुरे गेले नाहीत.

रात्री उशिरा पोचलो.

सोमवार, जुनापाणी

सुट्टीचा शेवटचा दिवस, सकाळी चिनूच म्हणाली की बाबा जुनापाणी पण करू. काटोल रोडवर, शहराला लागूनच. शिळावर्तुळं आहेत तिथं, मोठमोठे काळे बेसाल्टचे दगड गोलात मांडलेले, अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं. ही आदिमानवाची नाहीत हे आधीच सांगतो, ही लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनं आहेत, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची, माणसं अगदी आपल्यासारखीच. उत्खननात लोखंडी हत्यारं आणि काळी-तांबडी भांडी मिळाली. तरी मी मुद्दाम नेलं कारण इथल्या काही दगडांवर पण कपमार्क आहेत, ओळीत ठोकलेले छोटे खड्डे, रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 मध्ये त्यावर लिहिलं होतं. अलीकडे काही संशोधकांनी त्यांचा संबंध ग्रहताऱ्यांच्या दिशांशी लावला आहे. बायकोला ते पटलं, मला अजून शंका आहे, आमची त्यावर तिथंच चांगली चर्चा झाली आणि निकाल लागला नाही.

चिनूला एका दगडावर खड्डे सापडले, तिनं मोजले, वहीत चित्र काढलं, मग दुसऱ्या वर्तुळाकडे गेली. आबा एका मोठ्या दगडाला टेकून बसले आणि मला विचारत होते की हे इतके जड दगड लोटायला किती माणसं लागली असतील. आम्ही हिशोब करत बसलो, एका दगडाला दहा-बारा जण, दोर, लाकडाचे ओंडके, वरून सांगणारा एक.

कोणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. हथनोराला नदीचं पाणी उतरलेलं पाहिजे, नाहीतर थर दिसत नाहीत. पावसाळ्यात काठाशी अजिबात जाऊ नका, तिथली माती ढासळते. हथनोराला खायला-प्यायला काही मिळेल या भरवशावर राहू नका, नर्मदापुरमहून सोबत न्या. भीमबेटकाला सकाळी लवकर पोचा, गर्दी होते आणि मग चित्रांसमोर थांबता येत नाही, आणि पोळ्यांखाली आवाज, धूर, अत्तर काही नको. भोपाळचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. जुनापाणीला दगडांवर चढू नका, नावं कोरू नका, कोणी कोरताना दिसलं तर थांबवा. आणि घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना घेऊनच जा, गाडी जरा जास्त वेळा थांबवावी लागेल, थांबवा.